गुढीची काठी आधी की तिच्या कथा? सोसायटीच्या फळ्यावर नेमके काय लिहावे

प्रश्न : चैत्रपालवी, गोरेगाव

आमच्या सोसायटीत दरवर्षी पाडव्याला प्रवेशद्वारापाशी एक सार्वजनिक गुढी उभारली जाते आणि लिफ्टजवळच्या काळ्या फळ्यावर सणाची माहिती लिहिली जाते. गेली कित्येक वर्षे हे काम तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक करीत असत. ते आता मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यामुळे खडू माझ्या हातात आला आहे, आणि तो हातात घेतल्यावर लक्षात आले की ज्या सणाला मी लहानपणापासून नटून-थटून उभी राहत आले, त्याच्याविषयी खात्रीने सांगता येतील अशी चार वाक्येही माझ्यापाशी नाहीत.

समितीच्या बैठकीत मी विषय काढला, तर चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. एकाच्या मते प्रभू रामचंद्र वनवासातून अयोध्येला परतले तो हा दिवस; दुसऱ्याच्या मते ब्रह्मदेवाने या दिवशी सृष्टी निर्माण केली; तिसरे म्हणाले की शालिवाहन नावाच्या कुंभाराच्या मुलाने मातीचे सैन्य जिवंत करून शकांचा पराभव केला, त्याचा हा विजयोत्सव आहे. चौथ्यांनी फोनवर आलेला एक निरोप वाचून दाखवला, ज्यात गुढी ही संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू झालेली प्रथा असल्याचे म्हटले होते. त्यानंतर बैठकीत जे झाले ते येथे लिहीत नाही. शेवटी सेक्रेटरींनी ‘सगळेच लिहून टाका, ताई’ असा तोडगा काढला, पण एकाच फळ्यावर एकमेकांना खोडून काढणाऱ्या चार गोष्टी लिहिणे मला पटत नाही.

घरातही सुटका नाही. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने विचारले की तांब्या पालथा घातला तर त्यात काहीच राहणार नाही, मग तो घालायचा कशाला; आणि पुस्तकात वसंत ऋतू म्हणजे आल्हाददायक हवा असे लिहिले आहे, तर पाडव्याला आपल्याला घामोळे का येते? पहिल्या प्रश्नावर मी ‘आजीला विचार’ म्हटले आणि आजीने ‘आईला विचार’ म्हटले.

जाणकारांनी कृपया सांगावे की गुढीच्या उगमाविषयी आधाराने काय म्हणता येते. त्याबरोबर आणखी एक विचारायचे आहे. आमच्याकडे सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड-पुरी आणि त्यानंतर पंख्याखाली झोप, एवढ्यात सण आटोपतो. मुंबईत राहून हा ऋतू थोडा अधिक दिवस अनुभवता येईल असे काही आहे का?


उत्तर : जुनीपाने, दादर

चैत्रपालवीताई, तुमच्या समितीतील चारही मंडळी प्रामाणिकपणे आपापल्या घरात ऐकलेले सांगत आहेत, तेव्हा कोणाला खोटे पाडण्याची आवश्यकता नाही. मात्र या कथांना एक साधी कसोटी लावून पाहावी. चैत्र शुद्ध प्रतिपदा हा नववर्षाचा दिवस महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकात, आंध्रात आणि तेलंगणात युगादी किंवा उगादी म्हणून पाळला जातो. काश्मिरी पंडितांचे नवरेहही याच तिथीला येते. परंतु काठीला वस्त्र नेसवून तिच्यावर तांब्या पालथा घालण्याची रीत प्रामुख्याने मराठी आणि कोकणी माणसाची आहे. सृष्टीच्या निर्मितीमुळे गुढी उभारायची असती तर ती सृष्टीभर दिसली असती, आणि रामाच्या आगमनामुळे उभारायची असती तर सर्वांत मोठी गुढी अयोध्येत दिसायला हवी होती. या दोन कथा दिवसाचे माहात्म्य सांगतात. काठीचा उलगडा त्यांच्याने होत नाही.

शालिवाहनाची कथा निदान आपल्या मातीतली आहे. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि शालिवाहन हे नाव त्या घराण्याच्या नावावरूनच आलेले आहे. मातीचे सैनिक बाजूला ठेवले तरी युद्ध खरे आहे. गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने क्षहरात वंशातील नहपान या शक राजाचा पाडाव केला, याचा पुरावा नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात आहे. त्यात नहपानाची चांदीची १३,००० हून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचे चलन मोडीत न काढता त्याच्या चेहऱ्यावरच आपला शिक्का उमटवणे ही विजयाची जाहिरात आजही कोणाला सुचणार नाही. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचे, म्हणजे गौतमी बलश्रीचे नाव असलेला शिलालेख आहे, आणि त्यात शक, यवन (म्हणजे ग्रीक) आणि पल्हव (म्हणजे पार्थियन) यांचा नाश करणारा असे त्याचे वर्णन येते.

गंमत पुढे आहे. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा जो शक आपण ‘शालिवाहन शक’ म्हणून पंचांगावर छापतो, तो सातवाहनांनी स्वतः कधी वापरला नाही. त्यांचे लेख राजाच्या राज्यारोहणापासूनची वर्षे मोजतात. ती कालगणना वापरली ती पश्चिम क्षत्रपांनी, म्हणजे ज्यांना हरवल्याचा उत्सव आपण सांगतो त्या शकांनी. शालिवाहनाचे नाव तिला पुढे कित्येक शतकांनी जोडले गेले. तेव्हा फळ्यावर ‘या दिवशी शालिवाहनाने शक सुरू केला’ असे लिहिण्याऐवजी ‘शालिवाहन शकाचे नवे वर्ष या दिवशी सुरू होते’ एवढेच लिहिलेत तर कोणालाही हरकत घेता येणार नाही.

आता चौथ्या निरोपाविषयी. संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुन अमावास्येला झाली, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता ही गोष्ट खरी आहे. त्या दुःखापोटी कोणी गुढी उभारत नसेल तर त्याचा मान राखला पाहिजे. परंतु गुढी ही वस्तूच तेव्हा जन्माला आली, हे म्हणणे टिकत नाही. त्याच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी ‘सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं’ असे शब्द आले आहेत. चोखोबांच्या अभंगातही टाळी वाजवून गुढी उभारण्याचे आणि पंढरीची वाट चालण्याचे सांगितले आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी. या ओळींमधली गुढी ही आनंदाची, विजयाची पताका आहे. तेथे पाडव्याचा उल्लेख नाही. म्हणजे शब्द आणि वस्तू जुनी असल्याचे यावरून सिद्ध होते, तिथीविषयी या ओळी काही सांगत नाहीत.

काठीच्या मुळाविषयी मला स्वतःला महाभारतातली कथा सर्वांत जवळची वाटते, आणि ती समितीत कोणीच सांगितली नाही याचे थोडे आश्चर्य वाटले. आदिपर्वात चेदी देशाचा राजा उपरिचर वसू याची गोष्ट आहे. इंद्राने त्याला वेळूची एक काठी दिली. वर्ष सरल्यावर राजाने इंद्राच्या पूजेसाठी ती जमिनीत रोवली, आणि तेव्हापासून राजे लोक तशी काठी रोवून, दुसऱ्या दिवशी तिला गंध, माळा आणि अलंकारांनी सजवून उभारू लागले, असे तेथे सांगितले आहे. वेळू, माळ, अलंकार आणि सरलेले वर्ष, इतके सगळे एकाच ठिकाणी आल्यावर आपली गुढी आठवल्यावाचून राहत नाही.


उत्तर : खणनारळ, गिरगाव

वरील उत्तर वाचून आनंद झाला. मी इतिहासाचा माणूस नाही, पण पन्नासहून अधिक गुढ्या बांधल्या आहेत, तेव्हा पालथ्या तांब्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार माझ्याकडे आहे असे मानतो.

आमची चाळ तीन मजली होती. प्रत्येक मजल्याला लाकडी कठड्याची सामाईक गॅलरी होती आणि मध्ये चौक होता. पाडव्याला पहाटे वडील बांबूची काठी ओल्या फडक्याने पुसून तिला तेलाचे बोट लावीत. मग आई खणाच्या निऱ्या करून देई आणि वडील त्या काठीच्या टोकाला सुतळीने आवळीत. निऱ्यांच्या गाठीवर कडुनिंबाची आणि आंब्याची डहाळी, त्यावर झेंडूचा हार आणि साखरेची गाठी, आणि हे सर्व बांधून झाल्यावर त्या बोंगळ, गाठींनी फुगलेल्या टोकावर तांब्या पालथा दाबून बसवायचा. गाठ सैल असेल तर तांब्या डुगडुगतो, फार जाड झाली तर आत जातच नाही. म्हणून वडील गाठ मारण्याआधी तांब्याच्या तोंडात आपल्या हाताची मूठ घालून मोजत असत. मुलीला सांगा की तांब्या भरण्यासाठी नाहीच; तो गुढीचा मुकुट आहे, आणि मुकुट पालथाच घालतात. यामागे लहरी आणि कंपने यांची जी स्पष्टीकरणे हल्ली ऐकू येतात, ती माझ्या वडिलांच्या पिढीत कोणाच्या तोंडून मी ऐकली नाहीत.

गुढी आम्ही सरळ उभी करीत नसू. कठड्याला बांधून ती चौकाच्या बाजूला थोडी झुकती ठेवायची, म्हणजे तळमजल्यावर उभे राहून वर पाहिले की चारी बाजूंनी झुकलेल्या तीसचाळीस गुढ्यांचे एक छत दिसे. हिरवे, जांभळे, केशरी खण, आणि त्यांवर तांब्या-पितळेच्या भांड्यांची चकाकी. दुपारी बाराच्या सुमारास ऊन चौकात उतरले की गाठ्या पाझरू लागत. खणावर साखरेचा चिकट ओघळ उतरे आणि मुंग्यांची रांग कठड्यावरून थेट काठीवर चढू लागे. एका वर्षी कावळ्याने आमची गाठी सोडवून समोरच्या कौलावर नेली होती, त्याबद्दल माझ्या धाकट्या भावाने कावळ्यांशी वर्षभर वैर धरले. सूर्यास्तापूर्वी हळदकुंकू आणि अक्षता वाहून गुढी उतरवली की गाठीचे तुकडे करून सर्वांना वाटायचे. साखर चघळून संपली तरी मधला दोरा बराच वेळ तोंडात राही.

गाठी कशा करतात ते मुलीला दाखवता आले तर जरूर दाखवा. साखरेचा पाक उकळत असताना त्यात थोडे दूध घालतात, म्हणजे मळी वर येऊन काढता येते. मग लाकडी साच्यांत दोरा ताणून ठेवतात आणि त्यावर पाक ओततात. काही मिनिटांत तो दगडासारखा घट्ट होतो आणि साचा उघडला की दोऱ्यात ओवलेली पांढरी, गुलाबी, पिवळी पदके बाहेर पडतात. होळीपासूनच हे काम जोरात असते, कारण होळीलाही तान्ह्या मुलांच्या गळ्यात गाठी घालण्याची पद्धत आहे.

आता परंपरेच्या वयाविषयी एक गोष्ट लिहितो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. आमच्या फडके गणपती मंदिरापासून निघणारी शोभायात्रा, नऊवारी नेसून आणि फेटा बांधून मोटारसायकलवर बसलेल्या स्त्रिया, ढोल-ताशांची पथके हे सर्व पाहून माझ्या नातवाला वाटते की शिवकाळापासून हे असेच चालत आले आहे. प्रत्यक्षात नववर्षाच्या स्वागतयात्रेची सुरुवात डोंबिवलीला गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये केली आणि तिचे लोण पुढे सगळीकडे पसरले. माझ्या तरुणपणी गिरगावात पाडवा हा शांत, घरच्या घरी आटोपणारा सण होता. शोभायात्रा नवी आहे म्हणून तिला कमी लेखावे असे मी मुळीच म्हणत नाही. ढोल सुरू झाला की मीही गॅलरीत जातो. पण एका आयुष्यात एवढी भर पडते, तर दोन हजार वर्षांत त्या काठीवर काय काय बांधले गेले असेल याचा अंदाज यावरून येतो.


उत्तर : कुसुंब, बोरिवली

घामोळ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मुलीची शंका अगदी बरोबर आहे आणि तिचे उत्तर आकाशात आहे.

आपला चांद्रवर्षाचा हिशेब असा की बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते आणि ते सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान पडते. ही तूट साचत गेली तर पाडवा हळूहळू हिवाळ्यात आणि मग पावसाळ्यात जाईल, म्हणून सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास घालून तो जागेवर आणला जातो. त्यामुळे पाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हिंदोळत राहतो. २०२३ मध्ये तो २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. चैत्र कोणता हे ठरते सूर्याच्या मेष राशीतील प्रवेशावरून. ज्या चांद्रमासात मेष संक्रांत येते तो चैत्र.

खरी गोम येथेच आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अत्यंत सावकाश डोलतो, त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान होण्याचा वसंतातला क्षण, ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. वराहमिहिर या ज्योतिषाचार्याच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, मेष संक्रांत आणि वसंतसंपात जवळजवळ एकत्र येत असत. आज संपात २०-२१ मार्चला होतो आणि मेष संक्रांत १४ एप्रिलच्या आसपास येते. म्हणजे पंचांगातला चैत्र ऋतूच्या मानाने तीन आठवड्यांहून अधिक पुढे, उन्हाळ्याच्या दिशेने गेला आहे. ज्या कवींनी चैत्रातल्या वाऱ्याची वर्णने केली त्यांचा पाडवा आजच्या हिशेबाने फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या पहिल्या दोनतीन आठवड्यांत येत असे. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने हा दोष ओळखूनच राष्ट्रीय दिनदर्शिका संपाताला बांधली. ती २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी लागू झाली, परंतु सणांच्या बाबतीत आपण सर्व जण जुन्या पंचांगाबरोबरच राहिलो.

मुंबईचा उकाडा हा याशिवायचा भाग आहे. मार्चमध्ये जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुरू होतो, त्या दिवशी पारा एकदम चढतो. सांताक्रूझच्या नोंदीत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस तापमान आहे. अशा दिवशी आल्हाददायक वसंताचा निबंध लिहिणाऱ्या मुलांची दयाच येते.

तरीही वसंत मुंबईत येतो, फक्त तो हवेत शोधू नये, झाडांवर शोधावा. कडुनिंबापासूनच सुरुवात करा. शिशिरात त्याची पाने झडतात आणि पाडव्याच्या सुमारास तांबूस, जवळजवळ पारदर्शक वाटणारी कोवळी पालवी फुटते, तिच्याच मागोमाग मधासारख्या मंद वासाची बारीक पांढरी फुले येतात. गुढीला ही डहाळी लावतात ती त्या दिवसांत हाताशी असलेली सर्वांत ताजी पालवी म्हणून, अशी माझी समजूत आहे. बाजारातून जुड्या आणण्यापेक्षा मुलीला झाडाखाली उभे करून पालवीतला आणि जून पानातला फरक दाखवा, आणि दोन्हींची चव घेऊ द्या.

त्यानंतर एखाद्या रविवारी सकाळी लवकर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात या; सोमवारी ते बंद असते. कान्हेरीच्या रस्त्यावर मार्चमध्ये लांबून एखादे झाड पेटल्यासारखे लाल दिसते आणि जवळ गेल्यावर कळते की ती फुले नाहीत, कुसुंबाची नवी पाने आहेत. हा लाल रंग फार दिवस टिकत नाही, पाने जून होत हिरवी होतात. काटेसावर आणि पांगारा तोवर बहुधा उरकत आलेले असतात, पळसाची शेवटची फुले खाली पडलेली सापडतात. पिंपळाचे तर रोज पाहावे. सकाळच्या उन्हात त्याची नवी पाने तांब्याच्या पत्र्यासारखी चमकतात, आणि यासाठी बोरिवलीला येण्याचीही गरज नाही, प्रत्येक गल्लीत एक पिंपळ असतोच. एप्रिलअखेर बहावा आणि ताम्हण फुलतात. ताम्हण हे आपले राज्यफूल आहे, हे किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

जुनीपाने यांनी सातवाहनांचा विषय काढलाच आहे, म्हणून सांगतो, की वर कान्हेरीपर्यंत चढलात तर पाण्याच्या एका टाक्यापाशी एक शिलालेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो, आणि ती राणी महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची मुलगी होती. ज्यांच्यावरच्या विजयाची गुढी आपण सांगतो ते पुढे व्याही झाले, आणि त्याची नोंद आपल्याच शहराच्या डोंगरात कोरलेली आहे.


उत्तर : बेवुबेल्ल, माटुंगा

माझे माहेर मराठी आणि सासर कन्नड आहे, त्यामुळे माझ्या घरी एकाच दिवशी दोन सण होतात. पहिल्या उत्तरातील कसोटी मी रोजच्या अनुभवाने दुजोरा देऊन सांगू शकते. सासरी अभ्यंगस्नान आहे, आंब्याचे तोरण आहे, नव्या पंचांगाचे वाचन आहे आणि बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ एकत्र खाणेही आहे. नाही ती फक्त गुढी. पहिल्या वर्षी मी खिडकीला गुढी बांधली, तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला ‘सून साडी वाळत घालते आहे’ असे सांगितल्याचे मला नंतर कळले. आता गुढीसाठी साडी त्याच काढून देतात.

कडुनिंबाची चटणी मुलांना खाऊ घालायची असेल तर एक सुचवते. नुसता पाला देऊ नका. कोवळी पाने आणि थोडी फुले घ्या, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, जिरे, ओवा, हिंग आणि मीठ घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये भरड वाटा. पाला डाळीच्या चौथाईहून अधिक नसावा. कडू लागते, पण तोंड फिरवण्याइतके नाही.

आणि सण दुपारी संपतो ही तुमची तक्रार चैत्रगौर बसवली तर राहणार नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर. त्या महिन्यात एखाद्या संध्याकाळी हळदीकुंकू करावे, कैरीची आंबेडाळ आणि पन्हे करावे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरावी, दारात चैत्रांगण काढावे. त्या रांगोळीत सूर्य, चंद्र, शंख, कासव, तुळशीवृंदावन, हत्ती असे एवढे आकार असतात की आठ वर्षांच्या मुलीला दोन रविवार पुरतील. माझ्या आईच्या काळी आमच्या इमारतीत रोज कुणाकडे तरी बोलावणे असे; आता सगळ्या नोकरीला जातात म्हणून आम्ही आठ घरांचे मिळून शनिवारी एकदाच करतो.


उत्तर : जुनीपाने, दादर

खणनारळ आणि कुसुंब यांच्या उत्तरांनंतर मला माझ्याच म्हणण्याला एक पुरवणी जोडली पाहिजे, नाहीतर उपरिचर वसूची कथा पाचवा निरोप बनून फोनवरून फिरायला लागेल.

वसूच्या काठीपासून वाढलेला जो इंद्रध्वजाचा उत्सव आहे, त्याचे सविस्तर वर्णन वराहमिहिराच्या बृहत्संहितेत येते, पण तेथे तो भाद्रपदातला आहे, चैत्रातला नाही. काठमांडूच्या इंद्रजात्रेत आजही भाद्रपदातच उंच खांब उभारतात. म्हणून ‘गुढी म्हणजेच इंद्रध्वज’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही. काठी सजवून उभी करणे आणि तिच्यात देवत्व मानणे ही फार जुनी आणि फार पसरलेली रीत आहे. महाभारताने तिची एक गोष्ट सांगितली, आणि महाराष्ट्राने तीच रीत चैत्रात आपापल्या परीने चालवली, इतकेच मी म्हणेन. याच चैत्रातल्या पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचवतात त्या पाहाव्यात. उंचच उंच बांबू, त्यांना बांधलेली रंगीत वस्त्रे आणि तोरणे, आणि त्या काठ्यांना मिळणारा देवाचा मान. सातपुड्यातल्या काठी गावची होळीसुद्धा एका उंच बांबूभोवतीच उभी राहते. घरच्या गॅलरीतली गुढी मला या मोठ्या काठ्यांची धाकटी बहीण वाटते.


चैत्रपालवी, गोरेगाव

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मजकूर लिहून पूर्ण केला, तो येथे देत आहे.

‘आज शालिवाहन शकाच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. गुढी म्हणजे आनंदाची पताका. हा शब्द सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरीत आला आहे. वेळूची काठी सजवून उभारण्याची गोष्ट महाभारतातही आहे. रामाचे आगमन, सृष्टीचा आरंभ आणि शालिवाहनाचा विजय या कथाही या दिवसाशी जोडल्या जातात. तुमच्या घरी कोणती कथा सांगतात ती खाली लिहा.’

शेवटची ओळ माझ्या मुलीची आहे. तिच्या आग्रहाने फळ्याचा खालचा अर्धा भाग रिकामा ठेवला आणि खडूची पेटी बाजूला ठेवली. सकाळी दूध आणायला उतरले तर तेथे सहा हस्ताक्षरे होती. तळमजल्यावरच्या तेलुगू काकूंनी आपल्या लिपीत काही लिहिले आहे, ते अजून कोणाला वाचता आलेले नाही, त्या बाजारातून परतल्या की विचारणार आहे. समितीतल्या चौथ्या गृहस्थांनी महाराजांचे नाव आणि त्याखाली ‘विनम्र अभिवादन’ एवढेच लिहिले आहे, आणि ते तेथे असावे असेच मला वाटले.

पालथ्या तांब्याचा मुकुट मुलीला पटला. तिने स्वतः मूठ घालून मोजले, पण तिची मूठ लहान असल्यामुळे गाठ सैल झाली आणि तांब्या दोनदा खाली आला. त्याला एक पोचा पडला आहे, सासूबाईंना अजून सांगितलेले नाही. कडुनिंबाची मात्र अडचण झाली. आमच्या आवारातल्या झाडाची पावसाळ्यापूर्वीची छाटणी यंदा कोणीतरी मार्चमध्येच उरकून टाकली होती, त्यामुळे खालच्या फांद्यांना पालवीच नव्हती. शेवटी वॉचमनकाकांनी गच्चीच्या पाण्याच्या टाकीपाशी नेले, तेथे झाडाचा शेंडा हाताला लागतो. कुसुंब यांनी लिहिलेली ती तांबूस, पारदर्शक पाने प्रथमच इतक्या जवळून पाहिली. एकच डहाळी तोडली. चटणीपुरता पाला दादरहून आणावा लागला.

कान्हेरीचा बेत येत्या रविवारचा आहे. सकाळी किती वाजता निघालो तर चढण उन्हाआधी संपेल, तेवढे कुसुंब यांनी कळवावे.


उत्तर : कुसुंब, बोरिवली

उद्यानाचे दार उघडण्याच्या वेळी हजर राहा, दहाच्या आत वर पोहोचा आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी जवळ ठेवा. खाऊ पिशवीत दिसू देऊ नका. कान्हेरीची माकडे गिरगावच्या कावळ्यापेक्षा धीट आहेत.